नमाज आणि पदर



आजच्या भाषणाचा विषय लहानसा आहे, परंतु त्याबद्दलचे गैरसमज मोठे आहेत. नमाज पढतांना मुसलमान स्त्रीनें वस्त्र कसें ल्यावें, अंगाचा कोणता भाग झांकावा व कोणता उघडा राहिला तरी चालतो, यासंबंधीं इस्लामी धर्मशास्त्राची आज्ञा काय आहे, हें मी थोडक्यांत सांगणार आहें. शहरांतील सुशिक्षित घरांतून या विषयाचें नांव काढलें कीं बुरख्याचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें आणि चर्चा तेथेंच संपते. मुसलमान घरांतूनही पुष्कळ ठिकाणीं नियमापेक्षां ऐकीव गोष्टींचाच अंमल अधिक असतो. या दोन्ही प्रकारच्या घरांना उपयोगी पडेल असें कांहीं सांगावें, हा आजचा हेतु.

विषय अधांतरीं राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें धरूं. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत इंझोरी हें गांव आहे. भोंवतालीं वऱ्हाडचा कपाशीचा, तुरीचा आणि सोयाबीनचा मुलूख. या मुलखांत मुसलमानांची वस्ती जुनी आहे. अचलपूरची इमादशाही १४९० ते १५७४ या काळांत येथें नांदली. याच जिल्ह्यांतील मंगरूळपीर या गांवाच्या नांवांतला ‘पीर’ तेथील हयात कलंदर यांच्या दर्ग्याची आठवण देतो. इंझोरीसारख्या गांवीं शेतमजुरीस जाणाऱ्या एखाद्या मुसलमान बाईची कल्पना करा. नेसूं साडी, अंगांत आंखूड बाह्यांचें पोलकें, डोक्यावर पदर. निंदण चाललें असतां दुपारच्या, म्हणजे जोहरच्या, नमाजाची वेळ होते. तिला कोणीं तरी सांगितलेलें असतें कीं, साडी नेसून नमाज होत नाहीं; काळा बुरखा हवा, आणि तो घरीं राहिला असेल तर नमाजही राहिला. ती बाई त्या दिवशीं नमाज सोडते. मग दुसऱ्या दिवशीं सोडते, आणि पुढें सोडण्याचीच संवय होते. शास्त्र काय म्हणतें हा प्रश्न अशा बाईच्या दृष्टीनें पंडितांच्या वादाचा उरत नाहीं. तिची उपासना चालावी कीं बंद पडावी, हें त्यावर ठरतें.

प्रथम मूळ आज्ञा पाहूं. नमाज ग्राह्य होण्यास कांहीं अटी सांगितलेल्या आहेत. शरीर शुद्ध असावें, वस्त्र शुद्ध असावें, जागा शुद्ध असावी, वेळ झालेली असावी, तोंड किब्ल्याकडे असावें, मनांत संकल्प असावा. आणि यांतच एक अट अशी आहे कीं, शरीराचा विवक्षित भाग झांकलेला असावा. या झांकण्यास ‘सतर’ म्हणतात. ही अट पुरुषांनाही आहे, हें बहुतेकांस ठाऊक नसतें. पुरुषानें निदान बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचें अंग झांकलें पाहिजे, असें हनफी शास्त्रकार सांगतात. त्याविना त्याचाही नमाज होत नाहीं. मर्यादा स्त्रीची व पुरुषाची निराळी आहे. तत्त्व एकच आहे.

या तत्त्वाचें मूळ कुराणाच्या सातव्या अध्यायांतील एकतिसाव्या वचनांत पाहतात. उपासनेच्या प्रत्येक प्रसंगीं आपला साज अंगावर घ्यावा, असा त्या वचनाचा आशय आहे. त्याच्या पाठीमागें इतिहास आहे. इस्लामपूर्व काळीं कांहीं अरब काबागृहाची प्रदक्षिणा विवस्त्र स्थितींत करीत. ज्या कपड्यांत पापें घडलीं ते कपडे घालून देवाच्या दारीं कसें जावें, अशी त्यांची समजूत असे. हिजरी सनाच्या नवव्या वर्षीं, म्हणजे इसवी सन ६३१ मध्यें, यात्रेच्या वेळीं ही चाल बंद झाल्याची दवंडी पिटण्यांत आली. तेव्हां नमाजांतील वस्त्राकडे शास्त्र ज्या दृष्टीनें पाहतें ती दृष्टि लक्षांत घ्या. वस्त्राला तेथें साज म्हटलें आहे. थोर माणसाच्या भेटीस जातांना आपण नीट पोषाख करून जातों, त्या जातीचा हा विचार आहे.

आतां एक महत्त्वाचा भेद सांगतों. तो ध्यानांत आला म्हणजे अर्धा गोंधळ मिटतो. परपुरुषापुढें स्त्रीनें कसें असावें हा एक प्रश्न, आणि नमाजांत तिनें कसें असावें हा दुसरा प्रश्न. कुराणाच्या चोविसाव्या अध्यायाचें एकतिसावें वचन ओढणी छातीवर घेण्याविषयीं सांगतें. तेहेतिसाव्या अध्यायाचें एकोणसाठावें वचन बाहेर जातांना पांघरावयाच्या वस्त्राविषयीं आहे. हीं वचनें समाजांतील वागणुकीचीं आहेत. नमाजाचें सतर मात्र कोणी पाहत असो वा नसो, लागूच आहे. स्त्री बंद खोलींत एकटी असेल, रात्र असेल, दिवा मालवलेला असेल, तरीही नमाजापुरतें डोकें झांकणें तिला प्राप्त आहे. पाहणारा कोणीच नसतांना जो नियम उरतो, तो केवळ परक्याच्या नजरेच्या भयानें केलेला नाहीं, हें उघड आहे.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. नमाजांत स्त्रीचा चेहरा झांकावयाचा नसतो. सामान्यतः तोंडावर आवरण घेऊन नमाज पढणें शास्त्रकारांना पसंत नाहीं. परपुरुषांची उपस्थिति यासारखें कारण असेल तेव्हां त्यांपैकीं अनेकांनीं सवलत दिली आहे. हज यात्रेचा एहराम धारण केल्यावर तर स्त्रीनें नकाब व हातमोजे वापरूं नयेत, अशी हदीस बुखारीच्या संग्रहांत आहे. मक्केच्या मशिदींत हजारों स्त्रिया उघड्या चेहऱ्यानें नमाजास उभ्या राहतात त्या याच आधारावर. म्हणजे जो बुरखा आपल्या मनांत या विषयाशीं घट्ट जोडला गेला आहे, त्यांतील तोंडावरचा पडदा नमाजाच्या अटींत मुळींच येत नाहीं.

मग नेमकें झांकावयाचें काय? आयेशा यांच्याकडून आलेली एक हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. वयांत आलेल्या स्त्रीचा नमाज ओढणीवांचून स्वीकारला जात नाहीं, असा तिचा भाव आहे. मूळ अरबी शब्द ‘खिमार’ असा आहे आणि त्याचा अर्थ डोक्यावरून घ्यावयाचें वस्त्र. दुसरी हदीस उम्मे सलमा यांच्या नांवें सांगितली जाते. अंगरखा आणि ओढणी एवढ्यावर, खालीं निराळें वस्त्र न नेसतां, स्त्रीनें नमाज पढावा काय, असा प्रश्न होता. अंगरखा पावलांची वरची बाजू झांकण्याइतका लांब असेल तर हरकत नाहीं, असें उत्तर मिळालें. हे शब्द प्रेषितांचे कीं खुद्द उम्मे सलमा यांचे, याविषयीं हदीसवेत्त्यांत मतभेद आहे. परंतु दोन वस्त्रांत काम भागतें, ही गोष्ट त्यांतून स्पष्ट होते.

या आधारांवरून चार प्रमुख शास्त्रपंथांनीं आपापल्या मर्यादा आंखल्या. इमाम अबू हनीफा इसवी सन ७६७ मध्यें वारले. त्यांच्या पंथाच्या प्रचलित मताप्रमाणें चेहरा, मनगटापुढील हात आणि घोट्याखालचीं पावलें उघडीं राहिलीं तरी नमाज होतो. इमाम शाफिई ८२० मध्यें वारले. त्यांच्या पंथांत चेहरा व हात एवढेच उघडे चालतात, पावलें झांकावीं लागतात. इमाम अहमद इब्न हंबल यांच्या पंथांत चेहरा वगळून बाकीचें अंग झांकावयाचें. हातांविषयीं त्यांच्यांत दोन मतें आहेत. इमाम मालिक यांचे अनुयायी अंगाचे गुरु व लघु असे दोन भाग कल्पितात. लघु भाग उघडा राहिला तर नमाज होतो, मात्र वेळ शिल्लक असेल तर तो पुन्हा पढणें त्यांना इष्ट वाटतें. केंस, कान, मान, दंड, पाठ, पोट व पोटऱ्या झांकाव्या, याविषयीं सर्वसाधारण एकमत आहे. पाठीवर सोडलेली वेणीही झांकण्यांत येते.

हा भेद आपल्या महाराष्ट्रांतच पाहावयास सांपडतो. वऱ्हाड, खानदेश व मराठवाडा येथील मुसलमान बहुधा हनफी आहेत. कोंकणांतील मुसलमानांचा अरबस्तानाशीं समुद्रमार्गें जुना संबंध. ते मुख्यत्वें शाफिई आहेत. म्हणून वऱ्हाडांतली स्त्री उघड्या पावलांनीं नमाजास उभी राहील, आणि रत्नागिरीकडची स्त्री पायमोजे चढवील किंवा वस्त्र पावलांवर येईल असें नेसेल. दोघी एका घरीं पाहुण्या म्हणून आल्या तर एकीला दुसरीचें नवल वाटेल. वस्तुतः दोघींनाही आपापल्या इमामांचा आधार आहे. हजार-बाराशें वर्षें हे मतभेद शेजारीं शेजारीं नांदले व एका पंथाच्या मोठमोठ्या विद्वानांनीं दुसऱ्या पंथाचा आदर ठेवला, ही गोष्ट आज मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

आतां साडीचा प्रश्न घेऊं. शास्त्रानें कापडाचा आकार किंवा रंग ठरवून दिलेला नाहीं; झांकावयाचें अंग ठरवून दिलें आहे. कापड इतकें विरळ नसावें कीं आंतील कातडीचा रंग दिसावा. तें फार घट्ट असूं नये, असें सांगतात. पण घट्ट कपड्यामुळें नमाजच होत नाहीं, असें बहुतेकांचें मत नाहीं. काळाच रंग हवा असें कोठेंही नाहीं. या कसोटीवर साडी सहज उतरूं शकते. तिच्या अडचणी मात्र ओळखल्या पाहिजेत. साडी आणि पोलकें यांच्यामध्यें कमरेचा भाग उघडा राहतो. रुकूंत वांकलें असतां व सिजद्यांत कपाळ जमिनीला टेकलें असतां तो अधिकच उघडा पडतो. पोलक्याची बाही आंखूड असेल तर दंड व कोपर दिसतात. नऊवारी लुगड्याचा कांस घातला तर पोटऱ्या उघड्या राहतात. पदर गुळगुळीत असेल तर उठतांबसतांना डोक्यावरून घसरतो. या सर्वांवर उपाय एकच व स्वस्त आहे. डोक्यावरून घेऊन मनगटापर्यंत व कमरेखालीं येईल अशी एक मोठी जाड ओढणी किंवा सुती चादर लपेटून घ्यावी, आणि नेसणें घोट्यापर्यंत सोडावें. असंख्य घरांतून हीच रीत आहे. ज्या बाईजवळ अशी एक चादर आहे, तिच्या नमाजाला साडीची आडकाठी नाहीं.

चादर सरकलीच तर काय? तेथेंही शास्त्रानें माणसाची अडचण ओळखलेली आहे. हनफी मताप्रमाणें एखाद्या अवयवाचा चतुर्थांश भाग, तीन वेळां ‘सुबहानल्ला’ म्हणण्यास लागेल इतका काळ उघडा राहिला, तर नमाज बिघडतो. त्याहून कमी भाग उघडा पडला, अगर पदर घसरतांच तिनें तो सांवरला, तर नमाज कायम. आणि जिच्याजवळ पुरेसें वस्त्र खरोखरच नाहीं, तिला काय? तिला नमाजाची माफी मिळत नाहीं, तशी तिची निराशाही केलेली नाहीं. जेवढें आहे तेवढ्यानें झांकून तिनें नमाज पढावा. माणसाच्या शक्तीपलीकडचा भार ईश्वर त्याच्यावर घालीत नाहीं, हें कुराणाचें तत्त्व या ठिकाणीं शास्त्रकारांनीं प्रत्यक्षांत आणलें आहे.

शुद्धतेविषयींही दोन शब्द बोलणें जरूर आहे, कारण मराठी घरांतील श्रोत्यांच्या मनांत येथें सोंवळ्याची कल्पना येण्याचा संभव आहे. सोंवळ्याचें वस्त्र निराळें वाळत घातलेलें, दुसऱ्याच्या स्पर्शापासून राखलेलें असतें. कोणी शिवलें तर तें ओंवळें होतें. नमाजाच्या वस्त्राचें तसें नाहीं. दुसऱ्या माणसाच्या स्पर्शानें, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, त्याची शुद्धता जात नाहीं. रक्त, मूत्र इत्यादि अमंगल पदार्थ त्यास लागलेले नसावेत, आणि लागले तर ते धुवून काढावेत, एवढेंच पाहावयाचें असतें. मासिक विटाळाचे डाग पडलेल्या कपड्याविषयीं अबू बकर यांची कन्या अस्मा यांनीं सांगितलेली हदीस आहे. डाग खरवडून व पाण्यानें चोळून धुवावा आणि तेंच वस्त्र नेसून नमाज पढावा, असा तिचा आशय आहे. विटाळाच्या दिवसांत स्त्रीला नमाज नाहीं. ते दिवस सरल्यावर त्या वस्त्राला कसलाही दोष उरत नाहीं. घामानें वस्त्र अशुद्ध होत नाहीं. स्वच्छ मातीनेंही होत नाहीं; पाण्याच्या अभावीं तयम्मुम करतात तो तर मातीनेंच. तेव्हां निंदणांत धुळीनें भरलेलें लुगडें नमाजाला नालायक ठरतें, ही समजूत निराधार आहे.

इतर देशांकडे पाहिलें म्हणजे एकाच नियमानें किती रूपें घेतलीं तें दिसतें. इंडोनेशियांत स्त्रिया ‘मुकेना’ नांवाचा दोन भागांचा सैल पोषाख नमाजापुरता नेहमींच्या कपड्यांवर चढवतात. तो पुष्कळदां पांढरा असतो. मलाया द्वीपकल्पांत त्यालाच ‘तेलकुंग’ म्हणतात. इराणांत बाहेर वापरावयाची चादर बहुधा काळी, पण नमाजाची चादर फिकट रंगाची आणि फुलांच्या नक्षीची असते. आपल्याकडील दाऊदी बोहरा स्त्रियांचा ‘रिदा’ रंगीबेरंगी असतो. या सर्वांमध्यें साडी-चादर घेतलेली वऱ्हाडी बाई कोठेंही उणी पडत नाहीं.

अलीकडच्या काळांत स्त्रियांच्या वस्त्राचा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला. कर्नाटकांतील विद्यालयांमध्यें हिजाब घालण्याविषयीं तेथील उच्च न्यायालयानें १५ मार्च २०२२ रोजीं निकाल दिला. १३ ऑक्टोबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयांत दोन न्यायमूर्तींचीं मतें भिन्न पडलीं. त्या वादाची चर्चा येथें करावयाची नाहीं. तो वाद बाहेरच्या वावरांतील वस्त्राचा आहे. नमाजाच्या सतराचा नाहीं, एवढेंच ध्यानांत असावें. आपल्या प्रांताशीं अधिक निकट असा दुसरा एक प्रश्न आहे. पुण्याच्या एका दांपत्यानें स्त्रियांना मशिदींत नमाज पढूं द्यावा म्हणून २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. त्यावर २०२० च्या जानेवारींत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानें प्रतिज्ञापत्र केलें. स्त्रियांना मशिदींत जाऊन नमाज पढण्यास धर्मवचनांची आडकाठी नाहीं. मात्र जमातींत हजर राहणें पुरुषांप्रमाणें त्यांच्यावर बंधनकारक नाहीं, असें बोर्डानें सांगितलें. प्रेषितांच्या काळीं मदिनेच्या मशिदींत स्त्रिया पहांटेच्या नमाजास चादरी लपेटून येत आणि अंधारांतच घरीं परतत, हें आयेशा यांचें कथन हदीस-संग्रहांत आहे. त्या मशिदींत ज्या चादरीनें काम भागलें, तसलीच चादर घरांत आणि शेताच्या बांधावरही पुरते.

आतां अखेरीस कर्तव्याकडे वळूं. मुसलमान घरांतील वडीलधाऱ्यांना माझी विनंति अशी कीं, मुलीला नमाज शिकवतांना अट व चाल यांतील फरक तिला सांगावा. सातव्या वर्षापासून मुलांना नमाज शिकवावा असें हदीस सांगते. त्याच वयांत एक लहान ओढणी तिच्या हातीं द्यावी व ती कशी घ्यावी तें प्रेमानें दाखवावें. एखाद्या स्त्रीच्या पदराबाहेर केंस दिसले तर चारचौघांत तिला टाकून बोलूं नये. शेजारीं बसून हळूच सांगावें. दटावणीमुळें नमाजापासून दूर गेलेली बाई परत आणणें कठीण असतें.

इतर घरांतील श्रोत्यांनाही एक सांगणें आहे. तुमच्या घरीं काम करणारी बाई, तुमच्या मुलीची वर्गभगिनी, रुग्णालयांत तुमच्या खाटेजवळ बसणारी परिचारिका, यांपैकीं कोणी नमाजापुरती जागा मागितली, तर संकोच करण्याचें कारण नाहीं. तिला हातपाय धुण्यास थोडें पाणी, चटईएवढी स्वच्छ जमीन व पश्चिमेकडील दिशा कोणती एवढी माहिती लागते. वेळ पांचदहा मिनिटांचा. तिची चादर विसरली असेल तर तुमच्या कपाटांतली एखादी धुतलेली चादर तिला निःशंकपणें द्यावी. ती चादर हिंदूच्या घरची आहे म्हणून तिच्या नमाजास बाध येत नाहीं, आणि तिनें पांघरली म्हणून तुमच्या चादरीसही कांहीं होत नाहीं.